काम करताना पॉडकास्ट: काय ऐकावे, कसे ऐकावे आणि कधी बंद करावे?

क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे नगर, म्हणजेच आताचा अहिल्यानगर. १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. अकोल्याहून किंवा जामखेडहून कामासाठी नगरला यायचे तर दिवसातले काही तास रस्त्यावरच जातात. घरात राहणाऱ्यांचे तास स्वयंपाक, धुणीभांडी आणि झाडलोटीत जातात. या वेळेत हात अडकलेले असतात, पण कान मोकळे असतात. पॉडकास्टची लोकप्रियता वाढली ती याच मोकळ्या कानांमुळे.

पॉडकास्ट म्हणजे नेमके काय?

इंटरनेटवर भागांच्या स्वरूपात मिळणारा, हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. 'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ साली ब्रिटनच्या 'द गार्डियन' वृत्तपत्रातील एका लेखात पहिल्यांदा छापून आला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या दोन शब्दांची ती जोडणी आहे. २००५ साली ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हा प्रकार सर्वदूर पोहोचला. रेडिओ त्याच्या वेळेला ऐकावा लागतो. पॉडकास्ट मात्र दूध उतू जाऊ लागले की थांबवता येतो आणि गॅस बंद करून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो.

कामासोबत ऐकण्याची सवय नवी आहे का?

अजिबात नाही. पहाटे दळण दळताना बायका जात्यावर ओव्या गात, आणि समोर बसलेली सोबतीण त्या ऐकत ऐकत पुढची ओवी जोडी. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून प्रसिद्ध होत आहेत. पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. घरातला आवाज मग रेडिओचा झाला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला सादर झालेले 'गीतरामायण' घराघरांत ऐकले गेले, तर १९५७ साली 'विविध भारती' सुरू झाली. नगरमध्येही आकाशवाणीचे केंद्र आहे. शिवाय 'स्नेहालय' संस्थेने शहरात 'रेडिओ नगर' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केले.

हा वेळ कोणाचा आहे?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुषांचा हाच आकडा ९७ मिनिटे आहे. म्हणजे बाईचे जवळपास पाच तास बिनपगारी कामात जातात. त्यासाठी वेगळा वेळ न काढता एखादी मुलाखत, इतिहास किंवा कथा ऐकता आली, तर तो तिच्यासाठी खरा फायदा आहे. मात्र पॉडकास्टमुळे काम कमी होत नाही. ते वाटून घेण्याचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

कोणत्या कामाला काय जुळते?

सवयीचे काम हात आणि डोळे आपोआप करतात, त्यामुळे भाषा समजून घ्यायला मेंदू मोकळा असतो. मोजमापाचे किंवा नवे काम असेल तर असे होत नाही. पॉडकास्टमध्ये रंगलात की कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब चुकतो, तो त्यामुळेच.

- भांडी घासणे, भाकरी थापणे: दहा-पंधरा मिनिटांचे बातम्यांचे भाग किंवा एकच विषय सांगणारे कार्यक्रम. जगातल्या एकेका प्रश्नाची तज्ज्ञांच्या मदतीने उकल करणारा बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' या प्रकारातला आहे.
- इस्त्री, कपाट आवरणे, कांदा निवडणे: लांब गप्पा आणि मुलाखती. 'अमुक तमुक' आणि 'थिंक बँक' ही मराठीतली परिचित नावे. मधले एखादे वाक्य सुटले तरी धागा हातात राहतो.
- लांबचा एसटी प्रवास: कथा-कादंबऱ्यांची ऑडिओबुक्स. 'स्टोरीटेल'वर मराठी पुस्तके आहेत, पण त्यासाठी वर्गणी लागते.
- निवड करायचा कंटाळा आला असेल तर: आकाशवाणीची अनेक केंद्रे मोबाइल ॲपवरही ऐकता येतात.

एक सावधगिरी हवी. पॉडकास्ट कोणीही काढू शकते आणि त्याची तपासणी करणारा संपादक असेलच असे नाही. आरोग्य, औषधफवारणी किंवा गुंतवणुकीचा सल्ला ऐकला, तर जाणकाराला विचारल्याशिवाय अमलात आणू नये.

गाडी चालवताना ऐकणे सुरक्षित आहे का?

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल सुटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. फोन हातात असो वा हँड्स-फ्री, फरक पडला नाही. रेडिओ किंवा ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकणाऱ्यांमध्ये मात्र अशी घट दिसली नाही. ऐकताना आपल्याला उत्तर द्यायचे नसते. रस्ता अवघड झाला की लक्ष तिकडे वळवता येते.

धोका असतो तो फोन हाताळण्यात. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिले, तर गाडी साधारण ३३ मीटर पुढे गेलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून काय ऐकायचे ते निघण्यापूर्वीच लावून ठेवावे.

दुचाकीवर इअरफोन नकोच. मागचा हॉर्न ऐकू आला नाही तर चूक सुधारायला वेळ मिळत नाही. गळीत हंगामात जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि रात्री काहींचे मागचे दिवेही दिसत नाहीत. अशा वेळी, घाटात आणि गर्दीच्या चौकात चारचाकीतलाही आवाज बंद करावा. पॉडकास्ट झोपेवर उपाय नाही. डोळे मिटू लागले की गाडी बाजूला घेऊन विश्रांतीच घ्यावी.

डेटा आणि कानांचे काय?

१२८ केबीपीएस दर्जाचा एक तासाचा ऑडिओ भाग साधारण ५८ एमबीचा असतो. तोच कार्यक्रम व्हिडिओ म्हणून पाहिला तर कितीतरी जास्त डेटा जातो. यूट्यूबच्या मोफत ॲपमध्ये स्क्रीन बंद केली की आवाजही थांबतो. भंडारदऱ्याकडे किंवा करंजी घाटाकडे निघताना भाग घरीच डाउनलोड करून घेतला, तर रेंज गेली तरी अडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. मिक्सर किंवा पंख्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेला, तर ही मुदत झपाट्याने कमी होते. मिक्सर चालू असेपर्यंत भाग थांबवणे सोपे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर इअरफोनऐवजी फोनचा स्पीकर वापरावा, म्हणजे त्यांची हाक ऐकू येते.