सातव्या जागेचा हिशेब

उच्च शिक्षणातील ‘समावेशन’ हे आता एक पद झाले आहे. महाविद्यालयात मागासवर्गीय कक्ष असतो, समान संधी कक्ष असतो, कक्षाला समन्वयक असतो आणि हा समन्वयक बहुधा आपल्यातलाच असतो. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कक्षाचे काम माझ्याकडे आले. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातवैधतेची प्रकरणे, जयंतीचा कार्यक्रम, सारे माझ्याकडे. पण बिंदुनामावली कशी लागली, कोणती जागा कोणत्या विषयाला गेली, हे जिथे ठरते त्या बैठकीचे बोलावणे मला आजवर आलेले नाही. तेव्हा प्रश्न असा, की ज्या कामाला आज पद मिळाले, त्या कामाचा इतिहास कोणता?

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. रयतेच्या पैशावर वरिष्ठवर्गीयांचे उच्च शिक्षण पोसले जाते, हा त्यांचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. परंतु शिक्षक शेतकरीवर्गातूनही तयार झाले पाहिजेत, ही त्यांची मागणी तितकीच मूलगामी होती. शिकणारा कोण, याबरोबर शिकवणारा कोण, हा प्रश्न तेव्हाच मांडला गेला. १९०२ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा तो प्रश्न प्रथमच कारभाराच्या भाषेत उतरला.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थी गर्दी करीत. सहकारी प्राध्यापकांनी मात्र पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. व्यासपीठ मिळाले, पाणी मिळाले नाही. नियुक्तीने प्रवेश होतो, बरोबरी होत नाही, हा धडा त्या भांड्यात आहे.

बाबासाहेबांनी यावर कक्ष मागितला नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग ठेवले गेले, म्हणून दिवसा कारकुनी करणारा तरुण पदवीपर्यंत पोहोचला. विद्यार्थ्याने संस्थेच्या घड्याळाप्रमाणे वागावे हा रिवाज उलटवून संस्थेनेच विद्यार्थ्याचे घड्याळ ओळखले. मिलिंदच्या वसतिगृहांतून मराठवाड्यातील खेड्यापाड्यांची पोरे शिकली आणि त्याच परिसरातून दलित साहित्याच्या चळवळीला लेखक व वाचक मिळाले. समावेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. काम मात्र झाले होते.

आता अलीकडचे पाहा. पूर्वी केंद्रीय विद्यापीठांत २०० बिंदूंची नामावली संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरून लागे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक ठरवले आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. १३ बिंदूंच्या या नामावलीत इतर मागासवर्गीयांना चौथी, अनुसूचित जातींना सातवी आणि अनुसूचित जमातींना चौदावी जागा येते. ज्या विभागात सहाच शिक्षक, तिथे सातवी जागा यायची कधी? आरक्षण रद्द न करता ते संपवण्याची ही रीत होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच कायम केली. शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि संस्था हे एकक पुन्हा मान्य झाले.

हा लढा समित्यांच्या अहवालांनी जिंकला नाही. बिंदुनामावली वाचता येणाऱ्यांनी तो जिंकला. आकडेमोडीत अन्याय कुठे दडतो हे ज्यांना कळले, तेच इतरांना सांगू शकले.

मग कक्षाचे पद नाकारावे काय? माझे मत तसे नाही. ज्याला शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, त्या पोराला कुणीतरी आपला माणूस तिथे हवाच. पण समन्वयकाने अर्जांवर शिक्के मारण्यावरच समाधान मानले, तर संस्थेला तेच हवे असते. आपण नामावली मागितली पाहिजे, रिक्त जागांची यादी मागितली पाहिजे, जाहिरात वाचून तिच्यावर लेखी हरकत घेतली पाहिजे आणि हे वाचन विद्यार्थ्यांनाही शिकवले पाहिजे. बढती उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. तरीही सातव्या जागेचा हिशेब मागणारा माणूस संस्थेत असावा लागतो. आणि तो आपण नसू तर दुसरे कोण असणार?