बालगंधर्वांचे बदलते गाणे आणि नाटकाचे उत्पन्न

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत पाऊल ठेवले तेव्हापासून १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी देह ठेवीपर्यंत महाराष्ट्रातील रसिकांत एक वाद अखंड चालू होता, आणि ते गेल्यानंतरही तो मिटलेला नाही. बालगंधर्वांचे खरे गाणे कोणते: 'मानापमान'मधले, 'स्वयंवर'मधले, की 'कान्होपात्रा' नाटकानंतरचे, भजनाकडे झुकलेले? या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न नेहमीच येत असे, तो नाटकाच्या उत्पन्नाचा. गाणे उतरले म्हणून प्रेक्षक उतरले, असे एका पक्षाचे म्हणणे. प्रेक्षक पांगले ते अन्य कारणांनी, आणि गाणे उतरले ही तर जुन्या रसिकांच्या कानांची हट्टी समजूत, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांत संगीताचे मर्म जाणणारे लोक होते. तरीही पहिल्या पक्षाचे विधान कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वादाचे मूळ गायनात जेवढे आहे तेवढेच तिकिटाच्या प्रथेत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने; संस्थानिकाची मर्जी हेच त्या खेळाचे भांडवल होते आणि निमंत्रित मंडळींना तक्रार करण्याचा अधिकार नव्हता. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय संपला, आणि १८५३ साली भाव्यांनी मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून प्रयोग केले. त्या दिवसापासून मराठी प्रेक्षकाचा दर्जाच पालटला. पदरचे पैसे मोजून बसलेला माणूस दाद देण्यास जसा मोकळा, तसाच फिर्याद करण्यासही. आणि 'आपल्या' नटाने 'आपले' गाणे बदलले तर त्याचा जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, ही भावना तेव्हापासून महाराष्ट्राच्या नाटकगृहांत रुजत गेली.

तिचा पहिला मोठा आविष्कार नारायणरावांच्या आधीच्या पिढीत दिसतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. त्यांचा गळा असा तेजस्वी होता की पुढची तीस वर्षे स्त्रीभूमिका करणाऱ्या प्रत्येक नटाचे मोजमाप त्याच मापाने होत राहिले. किर्लोस्करांची पदे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा परिचित वळणांची आणि कर्नाटकी चालींची असत. संख्येने पुष्कळ, विस्ताराने आटोपशीर. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' आले आणि त्यातील पारशी-गुजराती रंगभूमीच्या धाटणीच्या चालींनी जुन्या श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. १९०१ साली भाऊराव वारले. चार वर्षांनी सतरा वर्षांचा नारायण राजहंस त्याच मंडळीत दाखल झाला तेव्हा जुनी मंडळी त्याचे गाणे ऐकत होती, पण त्यांच्या कानांत अजून भाऊरावच गात होते.

मार्च १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्याच्या चाली नाटककाराने दिल्या नव्हत्या; त्या गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या आणि त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रस होता. पदांची संख्या घटली, पण प्रत्येक पदात फिरायला अंगण मिळाले. पद हे संवादाचे छंदोबद्ध रूप राहिले नाही, ती एक लहानशी बैठकच झाली. याचे भलेबुरे दोन्ही परिणाम पुढे दिसले. कथानक थांबवून गाणे लांबू लागले, 'वन्समोअर'चा गजर होऊ लागला, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालू लागले, आणि नाट्याच्या शिस्तीची चाड असलेल्या टीकाकारांनी त्याविरुद्ध लेखणी झिजवली. त्यांची टीका निराधार नव्हती. परंतु तिकिटाच्या खिडकीवर या टीकेचा काडीमात्र परिणाम झाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण गाणे बदलल्याने प्रेक्षक जातात असा सिद्धांत मांडणाऱ्यांना सर्वांत मोठ्या बदलाच्या वेळी प्रेक्षक वाढले कसे, याचे उत्तर द्यावे लागते.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या डिसेंबरात आलेल्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखल्यांचे संगीत लाभले आणि दुसरा बदल घडला. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या घराण्यांची विद्या ज्यांच्या गळ्यात एकजीव झाली होती, असे भास्करबुवा नारायणरावांचे गुरू होते; त्यांनी शिष्याच्या गळ्याची जात ओळखून ख्यालाच्या बंदिशी रुक्मिणीच्या मुखी अशा बसवल्या की राग शुद्ध राहून शब्दही बोलता राहिला. 'मानापमान'ची नखरेल चपलता ज्यांना प्रिय होती, त्यांना हे गाणे अंमळ भारी वाटले असेल. पण ज्या माणसाने कधी गवयाची मैफल ऐकली नव्हती, त्याच्या कानावर रागसंगीत पोहोचले ते या नाटकातून. पिटात बसणारा कारागीर आणि खुर्चीवर बसणारा वकील एकाच पदाला एकाच क्षणी मान डोलावीत, हा योग भारतीय संगीताच्या इतिहासात विरळा आहे. पुढे सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनचा भरदार सलग स्वर, अशी साथ या मंडळीने जमवली. थिरकवांसारख्या तबलियाला नाटक मंडळीच्या पगारपत्रकावर ठेवणे ही राजेरजवाड्यांच्या तोडीची गोष्ट होती.

तिसरा बदल १९१९ च्या 'एकच प्याला' नाटकाचा. नाटककार गडकरी त्या वर्षाच्या जानेवारीत वारले आणि फेब्रुवारीत बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग झाला. भरजरी शालू आणि दागिने यांसाठी ज्या नटाचे वेड महाराष्ट्राच्या घराघरांत शिरले होते, तो नट फाटक्या लुगड्यातील सिंधू म्हणून उभा राहिला, आणि सुंदराबाई जाधवांकडून आलेल्या चालींवर त्याने करुणरसाची पदे गायिली. प्रेक्षकांनी तेही स्वीकारले. नुसते स्वीकारले नाही, डोक्यावर घेतले.

याच काळात रसिकांचे तट पडले होते. एकीकडे ललितकलादर्शचे केशवराव भोसले, ज्यांची तान विजेसारखी कडाडत जाई. पुढे १९१८ पासून बळवंत संगीत मंडळीचे तरुण दीनानाथ मंगेशकर, ज्यांच्या गळ्याची धाव आणि अनपेक्षित वळणे ऐकून गंधर्वपक्षीयही चकित होत. कोण श्रेष्ठ, यावर वाड्यांच्या ओसऱ्यांवर रात्री जागल्या. या तटांना एका छपराखाली आणण्याचा योग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात आला. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर आणि नारायणराव भामिनी. सर्वांत वरचे तिकीट १०० रुपयांचे होते. ज्या काळात शाळामास्तरचा महिन्याचा पगार त्याहून पुष्कळच कमी असे, त्या काळात एका रात्रीच्या खुर्चीसाठी ही रक्कम लोकांनी मोजली आणि जागा मिळाली नाही म्हणून लोक हळहळले. मराठी नाटकाच्या तिकीटविक्रीचे ते शिखर होय. त्या रात्री कोणाला अधिक 'वन्समोअर' मिळाले याची चर्चा पुढील दोन पिढ्या करीत राहिल्या. केशवराव मात्र तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, ऐन तिशीच्या आसपास मरण पावले. त्यानंतर दोघांची तुलना करणाऱ्यांना ती संधी उरली नाही.

आता उत्पन्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण वादी मंडळी तिच्याकडे क्वचितच पाहतात. वैभवाच्या त्याच ऐन काळात गंधर्व मंडळी लाखाच्या वर कर्जात बुडाली होती. टेंबे आणि बोडस निघून गेल्यावर मालकी एकट्या नारायणरावांकडे आली होती, आणि जमाखर्चाची वही हा त्यांचा प्रांत नव्हता. १९२० च्या 'द्रौपदी' नाटकासाठी पडदे, पोशाख आणि देखावे यांवर त्यांनी हात आखडला नाही. खरे जरीकाम, अस्सल अत्तर, उत्तमातले उत्तम साथीदार, मंडळीत राबणाऱ्या माणसांचा सांभाळ: या सर्वांचा भार तिकिटाच्या पैशांतून उचलला जात होता, आणि गर्दी कितीही लोटली तरी नाटकगृहातील खुर्च्यांची संख्या ठरलेलीच असे. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला आणि सरकारचा हिस्साही तिकिटाच्या दरात येऊन बसला. कर्ज फेडण्यात नारायणरावांची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी ते फेडले, ही त्यांच्या सचोटीची साक्ष आहे. परंतु पूर्ण बहरातल्या गळ्याने आणि भरलेल्या नाटकगृहांनीही हा व्यवहार तरत नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. मग पुढील आपत्तीचे खापर गळ्यावर कसे फोडता येईल?

१९३१ साली मास्तर कृष्णरावांच्या संगीताने 'कान्होपात्रा' आले. त्यातील अभंगांनी नारायणरावांच्या गाण्याला चौथे वळण दिले. ताना आखूड झाल्या, शब्दाभोवती स्वर रेंगाळू लागला, लयीशी चाललेली लाडिक झटापट अधिक सूक्ष्म झाली. वय वाढले होते. गळा थोडा खाली आला होता. परंतु जे गेले त्याच्या जागी काहीच आले नाही असे म्हणणे हा अन्याय आहे. एका अक्षरावर किती भाव ठेवता येतो, हे त्यांना आता तरुणपणापेक्षा अधिक कळत होते. त्याच वर्षी हिंदुस्थानात बोलपट आला, आणि पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. काही आण्यांत गाणे, देखावे आणि नव्या रूपाच्या नायिका एकदम मिळू लागल्या. नाटकगृहांचे मालक आपल्या इमारती चित्रपटांना देऊ लागले, कारण तेथे रोज तीन खेळ होत. १९३३ च्या जुलैत नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांनीच स्त्रियांची कामे केली आणि केशवराव भोळ्यांनी मोजके, भावगीताच्या वळणाचे संगीत दिले. पुरुषाने शालू नेसून रात्रभर गावे ही प्रथा नव्या सुशिक्षित प्रेक्षकाला एकाएकी जुनी वाटू लागली. दीनानाथ चित्रपटाकडे वळले. ललितकलादर्श १९३७ साली बंद पडली. ज्यांचा गळा उतरला नव्हता त्यांच्याही मंडळ्या बुडाल्या, यापेक्षा बळकट पुरावा आणखी कोणता द्यावा?

नारायणरावांनीही १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांची भूमिका केली आणि १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई' चित्रपटात मीराबाईची. कॅमेऱ्यासमोर त्यांचा जीव रमला नाही. ज्याच्या गाण्याला समोरच्या माणसाचा हुंकार लागतो, त्याला यंत्राचा हुंकार पुरत नाही. ते रंगभूमीवर परतले, आणि १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. येथून रसिकांच्या वादाला विखार चढला. मंडळी बुडाली ती या बाईमुळे, गाणे बिघडले ते या बाईमुळे, असे सांगणारे पुष्कळ झाले. घराण्याची प्रतिष्ठा, जात आणि धर्म यांविषयीचे पूर्वग्रह या संगीतचर्चेत उघडपणे मिसळले. गोहरबाई आल्या त्याच्या आधीच मंडळीचे वैभव संपलेले होते, ही गोष्ट तारखाच सांगतात. बालगंधर्वांची गायकी त्यांनी अंतःकरणापासून आत्मसात केली होती, आणि पडत्या काळात, आजारपणात, जेव्हा शंभर रुपयांची खुर्ची घेणारे कुठे दिसेनात, तेव्हा त्या माणसाची काळजी त्यांनी वाहिली. त्यांच्यावर झालेल्या टीकेचा मोठा भाग मराठी रसिकतेला शोभणारा नव्हता, असे म्हणणे भाग आहे.

उत्तरायुष्यात नारायणराव भजनांच्या बैठका करीत. त्या बैठकांना येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असत: कोणी 'स्वयंवर' शोधायला येत आणि निराश होऊन जात, कोणी जे समोर आहे ते ऐकायला येत आणि डोळे पुसत उठत. पहिल्यांचे दुःख मला समजते. तरुणपणी ज्या स्वराने आयुष्य उजळले तोच स्वर पुन्हा मिळावा ही अपेक्षा मानवी आहे. परंतु तो स्वर १९११ मध्येही नवा होता, १९१६ मध्येही नवा होता, आणि त्या त्या वेळी भाऊरावांची किंवा टेंब्यांच्या चालींची आठवण काढून हळहळणारे रसिक होतेच. नारायणरावांनी एका जागी थांबण्याचे मनावर घेतले असते, तर आज ज्याच्या नावाने उसासे टाकले जातात ते 'स्वयंवर' मुळात झालेच नसते.

१९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. १९६२ साली पुण्यात ज्या नाट्यगृहाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसवली गेली, ते त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी उघडले. तिकीटविक्री आणि सन्मान यांचा लेखाजोखा येथे पुरा होतो. गाण्याचा मात्र वाचकांनी स्वतः करावा. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत नाटकगृहातील अर्ध्या तासाचा विस्तार मावलेला नाही, हे लक्षात ठेवून त्या कालक्रमाने ऐकाव्यात: आधी 'मानापमान', मग 'स्वयंवर', मग 'एकच प्याला', आणि शेवटी 'कान्होपात्रा' व भजने. शेवटच्या मुद्रिकेपर्यंत पोहोचल्यावाचून, बालगंधर्वांचे गाणे उतरत गेले असा निकाल कोणी देऊ नये.