रिचमंड पार्कची वहिवाट

गावाकडे शेतातून जाणाऱ्या जुन्या पायवाटेवरून भांडणे होतात, तेव्हा एक शब्द हमखास ऐकू येतो: वहिवाट. जमीन एकाची असली तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथून ये-जा करत आले असतील, तर मालकाला ती वाट सहजासहजी अडवता येत नाही. इथे वाढलेल्या आपल्या नातवंडांना हा शब्द समजावून सांगायचा असेल, तर माझ्या मते शब्दकोशापेक्षा सायकल बरी. त्यांना लंडनच्या रिचमंड पार्कला घेऊन जावे.

सुमारे 2500 एकरांचे हे उद्यान. त्याच्या कडेने टॅमसिन ट्रेल नावाची खडीची वाट जाते. अंतर सात मैलांहून थोडे जास्त. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही थांबत थांबत एका सकाळी फेरी पुरी करता येते. रिचमंड गेटपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघालात, की बराच वेळ एक विटांची भिंत सोबत करते. आपल्या कथेची सुरुवात त्या भिंतीपासूनच होते.

1625 मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा राजा पहिला चार्ल्स आपला दरबार घेऊन रिचमंडच्या राजवाड्यात आला. शिकारीसाठी त्याला हा परिसर आवडला. पण इथे लोकांची शेते होती आणि गुरे चारायची सामायिक राने होती, म्हणजे आपल्या भाषेत गायराने. अनेकांचा विरोध असूनही राजाने 1637 मध्ये सुमारे आठ मैलांची भिंत घालून सगळे बंदिस्त केले. लोकांचा रोष कमी व्हावा म्हणून पायी जाण्याची आणि सरपण गोळा करण्याची मुभा मात्र ठेवली. वहिवाट टिकली ती अशी.

पुढचा थांबा शीन गेट. 1751 मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाची मुलगी, राजकन्या अमेलिया, या उद्यानाची रेंजर म्हणजे मुख्य अधिकारी झाली. तिने निवडक लोकांना प्रवेशपत्रे दिली आणि बाकीच्यांना दारे बंद केली. 1755 मध्ये जॉन लुईस नावाचा रिचमंडचा एक बिअर गाळणारा व्यापारी या दारापाशी आला. एक गाडी आत जात होती. तिच्यामागून तो शिरू लागला, तेव्हा मार्था ग्रे या द्वारपालिकेने त्याला अडवले. लुईस कोर्टात गेला. खटला कागदोपत्री द्वारपालिकेवर होता, पण तो कोणाविरुद्ध आहे हे सर्वांना ठाऊक होते.

तीन वर्षांनी, 1758 मध्ये, न्यायमूर्ती सर मायकेल फॉस्टर यांच्यासमोर निकाल लागला आणि पादचाऱ्यांचा हक्क मान्य झाला. आता भिंतीत दरवाजा हवा की भिंतीवरून जायला शिडी हवी, असे लुईसला विचारण्यात आले. त्याने शिडी मागितली. दरवाजाला आतून कडी घालता येते, शिडीला घालता येत नाही! पुढे शिडीच्या पायऱ्या मुद्दाम दूर दूर बसवल्या, तेव्हा मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येत नाही म्हणून तो पुन्हा न्यायमूर्तींकडे गेला आणि पायऱ्या दुरुस्त करून घेतल्या. हक्क कागदावर मिळाला तरी तो पावलांना मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो, हे त्याला कळले होते. अमेलियाने 1761 मध्ये रेंजरपद सोडले.

रोहॅम्प्टन गेट ओलांडून रॉबिन हूड गेटपर्यंत वाट सोपी आहे. त्यानंतर मात्र दम काढणारी चढण लागते. मग किंग्स्टन आणि हॅम गेट करून आपण पेम्ब्रोक लॉजला पोचतो. बर्ट्रांड रसेल यांचे बालपण या घरात गेले. इथे चहा घ्यावा, सायकल लावून शेजारच्या किंग हेन्रीज माउंड या टेकाडावर चढावे. हवा स्वच्छ असेल तर झाडीतून राखलेल्या फटीतून दहा मैलांवरचा सेंट पॉलचा घुमट दिसतो.

एक गोष्ट सायकलवाल्यांनी विसरू नये. लुईसने जिंकलेला हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे. आपण सायकलस्वार तिथे उद्यानाच्या नियमांनुसार जातो. म्हणून समोर कोणी चालत असेल तर वेग कमी करावा आणि गवतात सायकल घालू नये. दिवाळीच्या सुमारास हरणांचा माजाचा काळ असतो आणि नर चवताळलेले असतात. त्यांच्यापासून निदान 50 मीटर दूर राहावे.

उतारवयात लुईसचे दिवस फिरले. थेम्सच्या पुराने त्याचे मोठे नुकसान झाले आणि तो गरिबीत सापडला. तेव्हा रिचमंडच्या लोकांनी वर्गणी काढून त्याच्या वार्षिक निर्वाहाची सोय केली. 1792 मध्ये तो वारला. उद्यान आजही राजसत्तेच्या मालकीचे आहे, आणि आत जाताना आपल्याला कोणी प्रवेशपत्र विचारत नाही. शीन गेटपाशी क्षणभर उतरून मुलांना हे जरूर सांगावे.