जास्त बसलेली किल्ली

हाताने किल्ली द्यायचे जुने घड्याळ. चावी फिरवत जावी तशी ती जड होते, शेवटी पुढे सरकेनाशी होते, म्हणजे किल्ली पूर्ण बसली. तरीही सेकंदकाटा जागचा हलत नाही, किंवा दोन-चार टिकटिका करून थांबतो. यावरचा निकाल ठरलेला: ‘किल्ली जास्त बसली, स्प्रिंग आवळली.’ यंत्राच्या हिशेबाने हा निकाल चुकीचा आहे. पण तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. घड्याळ आपल्याकडे कसे आले आणि घड्याळजीचा धंदा कशावर चालला, याचा पुरावा त्याच्यात शिल्लक राहिला आहे.

आधी यंत्राकडे पाहू. किल्ली देणे म्हणजे डबीतली पोलादी पट्टी गुंडाळणे. ती पूर्ण गुंडाळली की आणखी गुंडाळायला जागा उरत नाही, म्हणून चावी अडते. या क्षणी तिच्यात सर्वांत जास्त जोर असतो. तो चक्रांच्या साखळीतून ठोक्याठोक्याने चक्र सोडणाऱ्या पॅलेटपर्यंत आणि तिथून मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चक्रापर्यंत पोहोचला की घड्याळ चालते. म्हणजे किल्ली पूर्ण बसल्याने घड्याळ उलट जोमाने चालायला हवे. थांबले असेल तर जोर आहे, पण वाटेत कुठेतरी अडला आहे. स्प्रिंग खरोखर तुटली असती तर चावी मोकळीच फिरत राहिली असती. चावी घट्ट अडते हीच स्प्रिंग शाबूत असल्याची साक्ष. कुठे अडले हे शोधायची रीतही सोपी आहे. बॅलन्स उचलून बाजूला ठेवायचा आणि पॅलेट सुईच्या टोकाने हळूच ढकलायचे. ते खटकन पलीकडे उडाले तर जोर तिथवर येतो आहे आणि दोष बॅलन्सकडे आहे: वाकलेला किंवा तुटलेला पिव्हट (आसाचे टोक), गुंतलेली हेअर स्प्रिंग. ते मरगळल्यासारखे सरकले तर चक्रांत कचरा आहे किंवा तेल आटून डिंकासारखे चिकट झाले आहे. वर्षानुवर्षे न उघडलेल्या घड्याळात बहुतेक वेळा हेच सापडते. तासाला १८,००० ठोक्यांचे घड्याळ दिवसाला ४,३२,००० ठोके देते, आणि प्रत्येक पिव्हटपाशी तेल असते ते सुईच्या टोकावर मावेल एवढे. ते काही जन्मभर पुरत नाही.

मग ‘जास्त किल्ली’चे भय आले कुठून? मराठी शब्दच वाट दाखवतो. मनगटी घड्याळाला किल्ली नसतेच, बाजूला एक कंगोरेदार चावी असते. तरी आपण ‘किल्ली देतो’, कारण आपल्या घरात मनगटी घड्याळाआधी भिंतीवरचे आणि खिशातले घड्याळ आले, आणि त्यांची किल्ली खरोखरच वेगळी असे, भिंतीवरच्याची तर चांगली पंखवाली. पंखवाल्या किल्लीला तरफेचा जोर मिळतो. दणकट मनगटाच्या माणसाने ती रेटली तर आतला खटका मोडू शकतो, जुनी निळ्या पोलादाची स्प्रिंग तुटू शकते. तिथे ताकीद रास्त होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून खिशातल्या घड्याळांना बाहेरची किल्ली लागेनाशी झाली आणि दोन बोटांच्या चिमटीत मावणारी चावी आली. त्या चिमटीत तेवढा जोर नसतो. यंत्र बदलले, शब्द तोच राहिला, आणि शब्दाबरोबर भीतीही मनगटावर चढली, असे माझे अनुमान आहे. स्वयंचलित घड्याळांत तर स्प्रिंग पूर्ण भरली की तिचे टोक डबीच्या भिंतीवरून घसरते, जास्त किल्ली बसणे शक्यच नसते. तरीही त्यांच्याबद्दल हेच बोलले जाते.

भिंतीवरून मनगटावर आलेल्या घड्याळाची ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यात आणखी स्पष्ट दिसते. इथे मुलखाचे दोन भाग मानतात, घाटाखालचा आणि घाटावरचा. मुंबईहून नागपूरला १८६७ मध्ये पोहोचलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा असा घाटाखालून गेला आणि त्याबरोबर स्टेशनातले भिंतीवरचे घड्याळ आले. ते पुढे मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढची मद्रास वेळ दाखवू लागले. मेहकर तालुका घाटावर. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखल्या जाणाऱ्या हिवरा आश्रमासारख्या गावांना रेल्वे नाही. तिथे लग्नाचा मुहूर्त पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्रावर मोजायची रीत जुनी, आणि चोवीस मिनिटांची घटका संपून साठ मिनिटांचा तास आला तो शाळा-कचेरीच्या भिंतीवरून. मनगटावर घड्याळ सर्रास दिसू लागले ते एचएमटीमुळे. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना काढला. तिचे ‘जनता’ नावाप्रमाणेच घराघरांत पोहोचले आणि सासऱ्याकडून नवरदेवाला मिळणाऱ्या वस्तूंत घड्याळ पक्के बसले. ज्या हाताने मोट हाकली त्याच हाताने रोज सकाळी चावी फिरू लागली. उन्हाचा कडाका, काळ्या मातीची धूळ, मनगटाचा घाम. तेल आटायला आणि कचरा आत शिरायला आणखी काय हवे?

यावर आक्षेप येईल की स्प्रिंगा खरेच तुटत, त्यामुळे घड्याळजीचे म्हणणे खोटे नव्हते. तुटत हे खरे. साध्या कार्बन पोलादाची पट्टी गंजते, थकते आणि अचानक तुटते. पण मनगटी घड्याळात ती थकव्याने तुटते, शेवटच्या अर्ध्या वेढ्याने नव्हे. १९५० च्या आसपासपासून गंज न धरणाऱ्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा रूढ होत गेल्या, तसा हा दोषही दुर्मीळ झाला. निकाल मात्र बदलला नाही. घड्याळजी फसवत होते, असाही याचा अर्थ नव्हे. भिंग डोळ्याला लावून बसणाऱ्याला नेमका दोष दिसत असेच. पण ‘तेल आटले, पूर्ण उघडून पेट्रोलने धुवावे लागेल’ हे गिऱ्हाइकाला पटवणे कठीण. चालत होते ते घड्याळ धुवायला पैसे कशाचे? ‘किल्ली जास्त बसली’ म्हटले की चूक मालकाची ठरते, काम समजते आणि मोबदलाही पटतो. गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना हे वाक्य सोयीचे होते.

याची किंमत धंद्यालाच मोजावी लागली, असे मला वाटते. घड्याळजीची खरी कमाई मोडतोडीवर नव्हती, दर काही वर्षांनी येणाऱ्या धुण्या-तेलावर होती. पण गिऱ्हाइकाच्या मनात ती सेवा म्हणून कधी रुजली नाही, मालकाच्या चुकीचा दंड म्हणूनच राहिली. बॅटरीचे घड्याळ स्वस्त आणि अचूक होते, त्याने बाजार मारला हे उघडच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटन कंपनीने अशा क्वार्ट्झ घड्याळांवरच भर दिला. पण नुसत्या अचूकतेने क्वार्ट्झ घड्याळ खेडोपाडी जिंकले असे म्हणता येत नाही. एसटी चुकू नये एवढी अचूकता ‘जनता’तही होती. ते जिंकले किल्ली नावाची जबाबदारीच संपवून. रोज द्यायला विसरलो, जास्त दिली, कोणी लहानाने फिरवली, हे सगळे आरोप एका बटणाएवढ्या सेलने मिटवले, आणि तो सेल कोणताही दुकानदार बदलू शकत होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

आता त्या घड्याळांचे सुटे भाग मिळवायचे तर दुसरे बंद घड्याळ उघडावे लागते. ‘स्प्रिंग आवळली’ म्हणून कपाटात पडलेली घड्याळे त्यासाठी विकत घेतली जातात, आणि त्यांतल्या कित्येकांची स्प्रिंग उत्तम निघते.