दाद आणि न्याय

दि. २५ डिसेंबर २०२३ रोजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १२०० हून अधिक तबलावादक एकत्र बसले आणि एकाच वेळी, एकाच लयीत त्यांनी तबला वाजविला. तानसेन समारोहाच्या निमित्ताने झालेल्या या वादनाची गिनेस विक्रमांत नोंद झाली. त्या दिवशीचा निवाडा सोपा होता. वादक किती आहेत आणि ते एकत्र वाजवीत आहेत की नाहीत, एवढेच परीक्षकांस पाहावयाचे होते. कोणाचे बोल अधिक स्वच्छ, कोणाचा डग्गा अधिक घुमणारा, हा प्रश्न उद्भवलाच नाही. मोजदाद निःपक्षपाती असते, याचे कारण तिला गुणांशी कर्तव्य नसते.

परंतु ज्या नगरीत हा विक्रम घडला, तिचा संगीतविषयक इतिहास संख्येचा नसून गुणांच्या निवाड्याचा आहे, आणि तो निवाडा कधीच इतका सोपा नव्हता. दोन कलावंत समोरासमोर बसले असता श्रेष्ठ कोण, हे कोणी ठरवावे? शास्त्र जाणणाऱ्या चारचौघांनी, की ज्यांच्यासाठी ती कला मांडली जाते त्या श्रोतृसमुदायाने? गणेशोत्सवात ढोल-ताशांच्या पथकांची चढाओढ लागते, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. ग्वाल्हेरने या प्रश्नाची किंमत फार पूर्वी मोजली आहे.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली आणि लष्कर हे नवे शहर वसले. मराठी सरदार, कारकून आणि शास्त्री यांच्या वस्तीत उत्तरेकडील नामांकित गवयी व पखवाजी आश्रयास आले. दरबारात मुकाबले होऊ लागले. या मुकाबल्यांना लिखित नियम नव्हते. महाराज यजमान असत, कलावंतांचे धनी असत आणि न्यायाधीशही तेच असत. सरदारांची ‘वाहवा’ हीच साक्ष आणि शालजोडी, बिदागी हाच निकाल. आपल्याला भाकरी देणाऱ्यापुढेच आपल्या कलेचा न्याय मागावयाचा, अशी ती रीत होती.

या रीतीतील वैगुण्य हस्सूखाँच्या कथेत स्पष्ट दिसते. कथा परंपरेने चालत आलेली आहे आणि तिची निरनिराळी रूपे सांगितली जातात. पण तिचा गाभा एकच आहे. बडे महंमदखाँ हे तानबाजीत अद्वितीय मानले गेलेले गवयी शिंदे दरबारी होते. नत्थन पीरबक्ष यांचे नातू हद्दूखाँ व हस्सूखाँ हे तेव्हा तरुण होते. बडे महंमदखाँची गायकी या दोघा भावांना आडून ऐकता यावी, अशी व्यवस्था खुद्द महाराजांच्या संमतीने झाली. कित्येक महिने ऐकून ती गायकी दोघांनी आत्मसात केली आणि एके दिवशी भर दरबारात सादर केली. दरबार थक्क झाला. बडे महंमदखाँ मात्र आपले धन लुटले गेल्याच्या दुःखाने संतापले.

पुढे दुसऱ्या एका बैठकीत त्यांनी हस्सूखाँस मियाँमल्हारातील ‘कडक बिजली’ ही अत्यंत अवघड तान घ्यावयास लावली. एकदा ती साधली. दाद उसळली आणि पुन्हा मागणी झाली. दुसऱ्या वेळी त्या ताणाने हस्सूखाँच्या बरगडीस इजा झाली आणि तोंडातून रक्त आले. वृद्ध आजोबांनी आपल्या शालीने ते पुसले व मरावयाचेच असेल तर तान पुरी करून मर, असे नातवास बजावले, असे सांगतात. तान पुरी झाली. त्या दुखण्यातून हस्सूखाँ उठले नाहीत, असे परंपरा मानते.

ही कथा घराण्याच्या अभिमानाने सांगितली जाते आणि ते स्वाभाविक आहे. पण न्यायाच्या दृष्टीने पाहिले असता तिचे दुसरे अंग दिसू लागते. ज्याने निवाडा द्यावयाचा, त्यानेच एका पक्षास आडून ऐकण्याची सोय करून दिली होती. मुकाबला सुरू होण्यापूर्वीच तराजूचे पारडे झुकले होते. शिवाय काय मोजावयाचे, हे कोणीच ठरविले नव्हते. म्हणून जे सर्वांत अचाट, तेच सर्वांत श्रेष्ठ ठरत गेले. रागाचा विस्तार, बंदिशीची मांडणी, स्वराचा लगाव या गोष्टी हळू बोलतात. तान गर्जना करते. समुदायाची दाद प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण तिला कोणतीही मर्यादा नव्हती, आणि मर्यादा नसलेली दाद कलावंतास त्याच्या देहाच्या शेवटापर्यंत नेऊन सोडते.

पखवाजाच्या क्षेत्रात हा प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. तालवाद्यांच्या चढाओढीत एक गोष्ट अशी आहे की, तिचा साक्षीदार कोणीही होऊ शकतो. ती म्हणजे सम. परण कितीही गुंतागुंतीची असो, ती समेवर आली की चुकली, हे मागच्या रांगेतील श्रोत्यासही हातावर ताल धरून कळते. त्यामुळे येथे तरी न्याय आणि दाद एकाच ठिकाणी भेटतात, असे वाटते. तथापि समेवर येणे ही किमान अट होय. ते श्रेष्ठत्वाचे माप नव्हे.

ग्वाल्हेरजवळच्या दतिया संस्थानात कुदऊसिंह हे एकोणिसाव्या शतकातील महान पखवाजी आश्रयास होते. लखनौस वाजिद अली शहांच्या दरबारी त्यांनी जोधसिंहांस जिंकल्याचे परंपरा सांगते. गजपरण वाजवून त्यांनी माजलेला हत्ती शांत केल्याचीही आख्यायिका आहे. त्यांचे वादन जोरकस आणि भारदस्त. त्याच काळात वाई प्रांतातून गेलेले नाना पानसे इंदूरच्या होळकर दरबारात कीर्तीस चढले. त्यांचा बाज मधुर, सुबोध आणि शिष्यांस शिकविण्यास सुलभ असा. खुद्द ग्वाल्हेरीत जोरावरसिंह, त्यांचे पुत्र सुखदेवसिंह आणि नातू पर्वतसिंह यांनी आपली स्वतंत्र परंपरा राखली. आता भारदस्तपणा आणि माधुर्य यांना एका काट्यावर कसे तोलावे? भर सभेत जोरकस थाप लवकर टाळी मिळविते. पण पानसे यांचा बाज शिष्यांच्या हातून महाराष्ट्रभर पसरला, हाही एक निवाडाच होय. तो एका रात्रीत लागला नाही, इतकेच.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वेशात उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर तेथील माजी सैनिकांच्या संघटनेने ढोल-बिगुलांच्या पथकांच्या स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. १९२१ पासून त्या राष्ट्रीय पातळीवर होऊ लागल्या. तेथे न्यायासाठी एक कडक रीत पडली. परीक्षक वादकांच्या रांगांमधून हिंडत आणि कानी पडलेल्या प्रत्येक चुकीस गुणाचा दहावा भाग वजा करीत. दरबारी मर्जीच्या मानाने ही रीत किती निर्मळ! पण तिचाही दोष कालांतराने उघड झाला. चूक मोजली जाते म्हटल्यावर जो सोपे वाजवील, तो सुरक्षित राहील; अवघडास हात घालणारा दंड भरील. अखेर १९८४ साली ही चुका मोजण्याची पद्धत तेथील प्रमुख स्पर्धांतून काढून टाकण्यात आली. काठिण्य, सफाई आणि एकूण परिणाम यांचे गुण निरनिराळे देण्याकडे कल झाला. तरीही प्रेक्षकांचे लाडके पथक एक आणि विजेते पथक दुसरे, हा वाद तेथे मिटलेला नाही.

ग्वाल्हेरने विसाव्या शतकात आपल्या परीने उत्तर शोधले. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडित यांनी शंकर गांधर्व विद्यालय स्थापन केले. १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय उघडले. भातखंडे यांच्या पद्धतीत तयार झालेले राजाभैया पूछवाले यांच्यासारखे शिक्षक तेथे लाभले. जी विद्या हद्दू-हस्सूखाँस आडून ऐकावी लागली होती, ती आता फळ्यावर स्वरलिपीत लिहिली जाऊ लागली. अभ्यासक्रम आधी ठरलेला, परीक्षा सर्वांस सारखी. अर्थात परीक्षेने न्याय आणला खरा. पण श्रोत्याचे हृदय हलविण्याची शक्ती गुणपत्रिकेत कोठे लिहावी, हे तिलाही उमगले नाही.

नभोवाणीने आणखी एक पाऊल टाकले. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकीर्दीत कलावंतांच्या श्रवणचाचणीची व श्रेणींची पद्धत सुरू झाली. नामवंतांसही चाचणी द्यावी लागल्याने मोठा रोष ओढवला, आणि तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. परंतु पुढे नावाऐवजी केवळ क्रमांक पाहून ध्वनिमुद्रण ऐकण्याची जी रीत रुजली, तिने घराणे, वशिला आणि रुबाब यांना दाराबाहेर ठेवले. हस्सूखाँच्या वेळी पडद्याआड ऐकणारा एका पक्षाचा होता. येथे पडद्याआड परीक्षक बसला. दोन शतकांतील अंतर या एका पडद्याने मोजता येईल.

या सर्व इतिहासाचे सार असे की, दाद आणि न्याय ही एकमेकांची वैरी नव्हेत. पण एकीने दुसऱ्याचे आसन बळकावू नये. काय मोजावयाचे हे आधी जाहीर व्हावे, मोजणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा, अवघडास हात घालणाऱ्यास शिक्षा होऊ नये, आणि श्रोत्यांच्या पसंतीस तिचे मानाचे पण वेगळे स्थान मिळावे. एवढे पथ्य पाळले तर हरलेला कलावंतही मान ताठ ठेवून घरी जातो.

तानसेनाच्या समाधीपाशी भरणारा तो समारोह १९२४ पासून चालत आला आहे. हजीरा भागातील त्या समाधीपुढे जुने-नवे कलावंत हजेरी लावतात. त्या हजेरीस गुण मिळत नाहीत, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. ज्या नगरीने एका तानेपायी आपला गुणी गवयी गमावला, तिने आपला सर्वांत मोठा उत्सव मुकाबल्यावाचून मांडावा, यात तिचे शहाणपण दिसते.