सायकलसंघांतील शेवटचा स्वार

नाशिकरोडच्या ईशान्येस, गोदावरीच्या कांठीं, एकलहरे हें गांव आहे. १९७० सालीं येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, पुढें १९७९ ते १९८१ या काळांत २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले, आणि गांवाचें नांव उंच धुराड्यांशीं कायमचें जोडलें गेलें. येथून पूर्वेस निफाडकडे पसरलेला प्रदेश काळ्या मातीचा, द्राक्षमळ्यांचा आणि बव्हंशीं सपाट आहे. पश्चिमेस त्र्यंबकेश्वराकडे अथवा कसाऱ्याकडे वळलें कीं मात्र डोंगर सुरू होतात. तेव्हां वांकड्या मुठींची, बारीक धांवांची, शर्यती बांधणीची सायकल ज्याला नव्यानें चालवावयास शिकावयाची आहे, त्याला भूगोल तरी येथें अनुकूल आहे. प्रतिकूल असतें तें दुसरेंच. राखेच्या आणि मालाच्या अवजड मोटारी ज्या रस्त्यानें धांवतात, त्या रस्त्यावर एकट्यानें ही नाजूक सायकल हांकण्यास नवशिका धजत नाहीं. त्याला सोबत हवी असते. ती शोधूं लागतांच त्याच्या ध्यानांत येतें कीं, मंडळी पुष्कळ भेटतात. पण पहिल्या चढावर मागें वळून पाहणारी मंडळी कोणती, हें बाहेरून कळत नाहीं.

ही अडचण आजची नव्हे. इंग्लंडांत हॅरोगेट येथें १८७८ सालीं ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. पांच वर्षांनीं तोच ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. त्या काळच्या सायकलीचें पुढचें चाक जवळजवळ माणसाच्या छातीइतकें उंच आणि मागचें अगदीं चिमुकलें असे. तीवरून पडावयाचें तें बहुधा डोक्यावरच. संघांत एक कप्तान असे, बिगुल वाजविणारा असे, आणि कप्तानाच्या पुढें कोणीं जावयाचें नाहीं असा शिरस्ता असे. हा लष्करी थाट आज पोरकट वाटेल. तथापि त्यांतील एक गोष्ट शहाणपणाची होती: सर्वांचा वेग ठरविण्याची जबाबदारी एका माणसावर होती, आणि मागें कोणी राहिला तर जाब त्यालाच विचारतां येत असे.

१८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें दोन्ही चाकें सारखीं असलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या धांवेचा हक्क नोंदविला. या दोन युक्त्यांनीं सायकलीची भीति पुष्कळशी घालविली. पुढच्या दहा वर्षांत कारकून, शिक्षिका, गिरणीकामगार, सारेच तीवर बसूं लागले. मग संघांपुढें प्रश्न उभा राहिला: दार किती उघडावयाचें? १८९४ सालीं अमेरिकेंतील ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या बलाढ्य संस्थेनें सभासदत्व गोऱ्यांपुरतें मर्यादित केलें. बोस्टनची किटी नॉक्स ही कृष्णवर्णी पित्याची कन्या, शिवणकामावर पोट भरणारी तरुणी, त्यापूर्वींच सभासद झालेली होती. १८९५ सालीं ॲस्बरी पार्क येथील वार्षिक मेळ्यास ती आपलें सभासदपत्र घेऊन हजर झाली, तेव्हां तिच्यावरून वर्तमानपत्रांत मोठें वादळ उठलें. संस्थेनें तो नियम औपचारिक रीत्या रद्द केला तो १९९९ सालीं!

वर्णाची अट कागदावर लिहावी लागते. म्हणूनच ती दिसते आणि तिच्याशीं भांडतां येतें. वेगाची अट कोठेंच लिहिलेली नसते. ‘या, आमच्याबरोबर चला’ असें म्हणणारी मंडळी पांचव्या मैलावर दिसेनाशी होते, आणि मागें उरलेला मनुष्य दोष आपल्या पायांना देतो. वस्तुतः दोष गणिताचा असतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रु वारा. वेग ताशीं २० किलोमीटरांवरून ३० वर गेला म्हणजे तो दीडपट झाला. परंतु वाऱ्याला सारण्यासाठीं लागणारी शक्ति तिपटीहून अधिक वाढते. पुढच्या स्वाराच्या आडोशाला, हात-दोन हातांच्या अंतरावर, चाकामागें चाक धरून चालणाराचे श्रम सुमारें चतुर्थांशानें हलके होतात. पण असें चिकटून चालणें हीच मोठी कला आहे, आणि नवशिक्याला नेमकी तीच अवगत नसते. तो भिऊन चार हात मागें राहतो, आडोसा गमावतो, आणि पुढें चाललेल्या कसलेल्या माणसांहून अधिक श्रम करून त्यांच्याच मागें पडतो. थोडक्यांत, संघांत सर्वांत जास्त कष्ट बहुधा सर्वांत दुबळ्याच्याच वांट्यास येतात.

यावरील एक उपाय युरोपांत निघाला, आणि तो ज्याच्या हातून फ्रान्समध्यें रुजला तो मनुष्य दुबळ्यांचा कैवारी मुळींच नव्हता, ही गंमत आहे. १८९७ च्या जून महिन्यांत कांहीं इटालियन स्वारांनीं रोमहून नेपल्सपर्यंतची सुमारें २३० किलोमीटरांची मजल एका दिवसांत मारली. त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणजे लॅटिन भाषेंत ‘धाडसी’ हें नांव मिळालें. १९०४ सालीं हेन्री देग्रांज यांनीं ही प्रथा फ्रान्समध्यें आणली. हेच गृहस्थ १९०३ सालीं सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचे जनक. गिअर बदलण्याची सोय त्यांना पंचेचाळिशी उलटलेल्यांच्या कामाची वाटे, आणि त्यांच्या शर्यतींत ती सर्रास वापरण्यास मुभा मिळाली ती १९३७ सालीं, शर्यतीचीं सूत्रें त्यांच्या हातून गेल्यावर. उलट, सँ-एतिएन येथील पॉल द विव्ही यांनीं गिअरच्या पुरस्कारांत आयुष्य वेंचलें. आज एकलहऱ्याचा नवशिका चढावर बोटानें कळ दाबून हलका गिअर घेतो, तेव्हां तो विव्ही यांचा ऋणी असतो, देग्रांज यांचा नव्हे.

तरीही ऑडॅक्सच्या रीतींत देग्रांज यांनीं शर्यतीच्या अगदीं उलट तत्त्व स्वीकारलें. सर्वांनीं एकत्र निघावयाचें, रस्त्यावरच्या कप्तानानें ठराविक वेग राखावयाचा, त्याच्यापुढें कोणीं जावयाचें नाहीं, आणि सर्वांनीं मिळून पोहोंचावयाचें. आज हा वेग बहुधा ताशीं २२.५ किलोमीटर असतो. १९२१ सालीं ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’नें दुसरी रीति काढली. तींत ज्यानें त्यानें आपापल्या वेगानें जावें, केवळ वेळेची मर्यादा पाळावी. भारतांत आज ‘ब्रेव्हे’ या नांवानें जे लांबचे प्रवास होतात ते या दुसऱ्या रीतीचे. २०० किलोमीटरांसाठीं साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशीं पंधरा किलोमीटरांहून किंचित् कमीच वेग पुरतो. हिशेब उदार आहे, पण तो एकट्याचा आहे. वाटेंत कोणी कोणासाठीं थांबलेंच पाहिजे असा दंडक त्यांत नाहीं.

महाराष्ट्राला पहिली रीति परकी वाटण्याचें कारण नाहीं. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीस निघते, तेव्हां दिंडींतील सर्वांचीं पावलें टाळाच्या ठेक्यावर पडतात. चालण्यांत तरबेज असलेला वारकरी दिंडी सोडून पुढें धांवत नाहीं, आणि धांवला तर त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं.

सायकलीच्या बाबतींतही आपल्याकडे जुनी परंपरा आहे, ती मात्र संघांची कमी आणि घरगुती अधिक. पुणें, नाशिक, कोल्हापूर अशा गांवीं मुलें तासाच्या भाड्यानें सायकल आणीत. उंची अपुरी असल्यानें मधल्या नळीखालून पाय घालून अर्धें अर्धें पायडल मारीत, आणि थोरला भाऊ किंवा शेजारचा कोणी दादा मागची बैठक धरून धांवे. या शाळेंत शिकणारा बसलेला असे आणि शिकविणारा घामाघूम होई. वेग शिकणाराच्या कुवतीचा. याहून चांगली व्यवस्था कोणत्याही संघानें अद्याप काढलेली नाहीं. पुढें हींच मुलें मोठीं होऊन म्युनिसिपालिटीचा पितळी बिल्ला आणि रात्रीचा दिवा सांभाळीत कामावर जाऊं लागलीं. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचें काम १९२८ सालीं सुरू झालें. त्याच्या आणि नंतर वीजकेंद्राच्या पाळ्यांना जाणाऱ्या कामगारांना सायकलीवरची सोबत शोधावी लागत नसे. पाळीची वेळ सर्वांची एकच होती.

सोबत म्हटली कीं ती शेवटपर्यंत टिकतेच असेंही नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. मार्च १९२८ मध्यें सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून परत आले ते तिघे: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा.

स्कूटर आणि मोटारसायकल घरोघर आल्यावर सायकल मागें पडली. ती परतली ती २००० नंतर, व्यायामाचें आणि हौसेचें साधन म्हणून, पूर्वींच्या कितीतरी पट किंमत घेऊन. नाशकांत या हौसेला मोठें बळ मिळालें तें २०१५ सालीं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या जोडीनें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. २०१७ सालीं लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकट्यानें पार पाडली. अशा पराक्रमांनीं शेंकडों लोक सायकलीकडे वळतात. पण पराक्रम पाहून आलेला मनुष्य पहिल्याच रविवारीं पराक्रम्यांच्या चाकामागें लागतो, आणि दुसऱ्या रविवारीं घरीं राहतो. त्या दृष्टीनें नाशिकच्या सायकलस्वारांची पंढरपूरची सायकलवारी अधिक मोलाची म्हणावी लागेल. तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबीची ही वाट मंडळी मुक्काम करीत कांटतात. तिच्यांत पोक्त माणसें असतात, स्त्रिया असतात, आणि कोणी पहिला येत नाहीं.

एकलहऱ्याच्या नवशिक्यानें मग काय पाहावें? सायकलींच्या किंमती नव्हेत आणि अंगांतील रंगीत पोशाखही नव्हे. किती अंतर, कोणता वेग आणि कोठें थांबा, हें मंडळी निघण्यापूर्वीं सांगतात काय, तें पाहावें. खड्डा दिसतांच पुढचा मनुष्य हात खालीं करून तो दाखवितो काय, आणि मोटार आल्याचा इशारा मागून पुढपर्यंत पोहोंचतो काय, तें पाहावें. पायडलला बूट अडकविण्याची नवी तऱ्हा प्रथम वापरणारा थांबतांना हमखास आडवा होतो. त्या वेळीं मंडळी हंसते कीं सायकल धरते, यावरूनही पुष्कळ समजतें. आणि सर्वांत शेवटीं कोण चालतो, हें विचारावें. चांगल्या संघांत ती जागा सर्वांत मुरलेल्या स्वाराची असते. पंप, जादा ट्यूब आणि ठिगळाचें सामान त्याच्याजवळ असतें. उजाडतां उजाडतां सामनगांवच्या बाजूनें मंडळी निघाली, कोणाची धांव पंक्चर झाली, कीं पुढचे पुढें जातात आणि तो तेथेंच उतरतो.