क्लासेरी राखीव जंगलातील पक्षिजीवन

दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला असलेले खासगी राखीव जंगल. क्षेत्रफळ सुमारे ६०,००० हेक्टर. लगतच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन १९७२ मध्ये ते स्थापन केले. क्रूगरच्या बाजूचे कुंपण १९९३ मध्ये निघाले.

पक्ष्यांना कुंपणाची अडचण कधीच नव्हती. हत्ती मात्र मोकळे झाले आणि त्याची झळ पक्ष्यांना लागली. मारुला व बाभूळवर्गीय झाडांची साल हत्ती सोलून खातात. मग मोठी झाडे वाळतात, पडतात. पांढऱ्या पाठीचे आफ्रिकी गिधाड घरटे बांधते ते याच उंच झाडांच्या शेंड्यांवर. म्हणून निवडक खोडांना तारेची जाळी गुंडाळली जाते.

येथील सर्वांत लक्षवेधी पक्षी दक्षिणी भूधनेश. अंग काळेकुळकुळीत, डोळ्यांभोवती व गळ्याला उघडी लालभडक कातडी, वजन तीन-चार किलोंच्या पुढे. टोळीने चालत तो बेडूक, साप, टोळ टिपतो. पहाटेचे त्याचे घुमणे दूरच्या सिंहाच्या आवाजासारखे भासते. कोकण-गोव्यातील धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. भूधनेशाची मादी ढोली उघडीच ठेवते. टोळीत वीण एकाच जोडीची, बाकीचे मदतनीस. अंडी बहुधा दोन. धाकटे पिल्लू उपासमारीने मरते. ढोलीची मोठी झाडे कमी पडू लागल्याने क्लासेरी व शेजारच्या खासगी जंगलांत कृत्रिम घरटी टांगण्यात आली. केप टाउन विद्यापीठाची फिट्झपॅट्रिक संस्था भूधनेशांचा अभ्यास करते.

म्हशी-जिराफांच्या अंगावरील गोचिडी खाणाऱ्या ऑक्सपेकरच्या दोन जाती या भागात आहेत. त्यांपैकी पिवळ्या चोचीची जात विसाव्या शतकाच्या प्रारंभी देशातून नाहीशी झाली होती. बुळकांडीच्या साथीत जनावरे मेली. गुरांना गोचीडनाशक म्हणून आर्सेनिकच्या द्रावणात बुडवत, त्याचेही विष भोवले. १९७९ मध्ये ही जात क्रूगरमध्ये पुन्हा आढळली.

नोव्हेंबरपासून पाहुणे उतरतात. त्यांत अमूर ससाणा असतो. पूर्व आशियातून निघालेला हा पक्षी नागालँडमध्ये विसावतो, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो; वाटेत लोणावळा परिसरातही दिसतो.

पाहुणे येतात-जातात; कायम येथेच राहणाऱ्या भूधनेशाची एक टोळी मात्र सरासरी नऊ वर्षांतून एकच पिल्लू वाढवू शकते. जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ वर्गात आहे.